चुकलेलं चित्र: पाण्याखालच्या घरावरच्या एका कादंबरीचं प्रकरण

बेळगावच्या वडगाव भागात राहणाऱ्या एका मराठी कादंबरीलेखिकेचं हे प्रकरण. तीन वर्षं काम झालं, चौऱ्याहत्तर हजार शब्द झाले आणि हस्तलिखित जागच्या जागी थांबलं. ते कशानं थांबलं, काय केल्यावर सुटलं आणि सुटताना घरात कोण दुखावलं, याची ही नोंद आहे. व्यक्तींची ओळख पटू नये म्हणून नाती आणि काही तपशील बदलले आहेत. नदी, धरण, रस्ते आणि बोली आहेत तशाच ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

लेखिका ५४ वर्षांची, माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. पहिली कादंबरी नऊ वर्षांपूर्वी आली. पतीचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, मुलगा पुण्यात नोकरीला आहे आणि ८१ वर्षांची आई घरात आहे. आईचं माहेर हुक्केरी तालुक्यातलं. घटप्रभेवर हिडकलचं धरण झालं आणि फुगवट्यात जी गावं गेली, त्यांत ते माहेरही गेलं. पाणी चढलं तेव्हा आई सासरी होती, पण माहेरच्या कागदांवर सही करायला तिला बोलावून नेलं होतं. कादंबरीचा विषय हाच.

लेखिका जलरंगात चित्रं काढते. बेळगावला निसर्गचित्राची जुनी परंपरा आहे. के. बी. कुलकर्णींच्या चित्रमंदिरात शिकून रवी परांजपे यांच्यासारखे चित्रकार घडले, आणि इथल्या शाळामास्तरांच्या घरीही रंगपेटी सापडते. सुट्टीत कणकुंबी, जांबोटी, हलशी, गोकाकचा धबधबा, निपाणीची तंबाखूची शेतं असं फिरायचं आणि प्रत्येक जागी बसून वही भरायची, हा तिचा अनेक वर्षांचा शिरस्ता. कादंबरीला हात घातला तेव्हा अशा नऊ वह्या जमल्या होत्या. त्या वह्या म्हणजेच कादंबरीची तयारी, असं ती धरून चालली होती.

अडलं कुठे

लेखिकेचं स्वतःचं निदान एका शब्दाचं होतं: वेळ. शाळा, आईची औषधं, पाहुणे आणि सकाळी आठला सुरू होणारा शेजारच्या मागांचा खडखडाट. म्हणून तिनं जुलैत आंबोलीला बारा दिवस खोली घेतली. परत आली तेव्हा हातात नऊशे शब्द आणि दोन बिघडलेली चित्रं होती. बारा दिवस पूर्ण मोकळे मिळूनही पान सरकलं नाही, म्हणजे खोट वेळेत नव्हती. हा निष्कर्ष तेव्हाच काढायला हवा होता. तो काढायला आणखी आठ महिने गेले.

मग हस्तलिखिताची तपासणी झाली, रंगीत पेन्सिलींनी. पानं एका बाजूला छापून घेतली. निसर्ग आणि जागेचं वर्णन पिवळं, काही घडतं ते निळं, बोलणं लाल, आठवण हिरवी. पहिल्या साठ पानांतली जवळजवळ सत्तावीस पिवळी निघाली. पिवळं जास्त असणं हा काही आपोआप दोष नाही. दोष दुसऱ्या वाचनात दिसला: सगळ्या वर्णनांतला उजेड सकाळी सात ते नऊचा किंवा संध्याकाळचा होता. चित्रकार त्याच वेळी बसतो, कारण तेव्हा सावल्या लांब असतात आणि रंग लवकर वाळत नाही. वहीतून उजेड थेट कादंबरीत उतरला होता. साठ पानांत एकही माणूस दुपारी एक वाजता उन्हात उभा नव्हता, आणि कादंबरी तर शेतकऱ्यांच्या घराची. शिवाय प्रत्येक देखावा एकाच अंतरावरून पाहिलेला, साधारण पन्नास-साठ पावलांवरून. चित्राला तेवढं अंतर लागतं. पात्राला ते परवडत नाही.

दुसरी खूण बाराव्या प्रकरणानंतरची. नुकसानभरपाईच्या कचेरीपर्यंत माणसं सात वेळा येत होती आणि दारातच प्रकरण संपत होतं. आत काय झालं हे लेखिकेला पुरतं ठाऊक नव्हतं, आणि विचारायचं धाडसही नव्हतं. भरपाईची रक्कम मामांच्या हाती गेली होती, आईनं हक्कसोडपत्रावर सही केली होती, एवढंच घरात बोललं जाई. मामा ८६ वर्षांचे, हयात. मामेभाऊ चार गल्ल्या पलीकडे राहतो. चित्रांचा पसारा या न विचारलेल्या प्रश्नावर पडद्यासारखा पसरला होता, असं माझं मत आहे. लेखिकेनंही पुढे ते मान्य केलं.

समोरचे पर्याय

चार वाटा होत्या. कथा दुसऱ्या धरणावर, दुसऱ्या जिल्ह्यात हलवायची. मामा आणि आई असेपर्यंत थांबायचं. सहीचा भाग पूर्ण कल्पनेनं लिहायचा आणि नावं बदलायची. किंवा आईला विचारायचं आणि जे निघेल त्यावर उभं राहायचं.

पहिली वाट दोन आठवड्यांत बाद झाली. बोली हलवता येईना. हुक्केरीकडची मराठी कानडीच्या शेजारानं घडलेली आहे, ती उचलून दुसऱ्या खोऱ्यात ठेवली की पात्रं मुकी होतात. दुसरी वाट सभ्य दिसते, पण माणसं गेली की विचारायला कुणी उरत नाही. तिसरी सर्वांत धोक्याची. सीमाभागातली मराठी वस्ती दाट नात्यांची आहे. नाव बदलून इथं काहीच झाकत नाही, चार भावंडं, धरण आणि सही एवढं वाचलं की घर ओळखलं जातं. वर कल्पनेनं लिहिलेला आरोप खरा समजला जातो, हे अधिक वाईट. चौथी वाट उरली. ती कशी चालायची हा खरा प्रश्न होता.

पहिली कृती: वहीची घडण बदलली

आईकडे वळण्याआधी वही सुधारली, आणि ते बरं झालं. नव्या वहीत डावं पान चित्राला, उजवं शब्दांना. उजव्या पानावर वर्णनाला बंदी. फक्त तीन गोष्टी: कोण होतं, हातात काय काम होतं, काय बोललं गेलं. आणि हे सगळं चित्रावरचा रंगाचा पहिला हात वाळेपर्यंत लिहायचं. अकरा बाय पंधरा इंचांच्या, ३०० जीएसएमच्या जाड कागदावरचा ओला हात मार्चमध्ये सहा-आठ मिनिटांत वाळतो. तेवढ्यात पाच-सहा ओळी होतात. पूर्वी ती मिनिटं कागदाकडे बघण्यात जायची.

पावसाळ्यात मात्र हा हिशेब कोसळतो. जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात जुलैत तोच हात पाऊण तास ओला राहतो, दुसरा हात घाईनं दिला की कडा फुलकोबीसारख्या फुटतात. आंबोलीची दोन चित्रं अशीच गेली. त्याशिवाय दमट हवेत पडलेल्या कागदाचं सायझिंग, म्हणजे रंग लगेच शोषला जाऊ नये म्हणून दिलेला लेप, मरतं. मग तो टीपकागदासारखा ठिकठिकाणी रंग पितो आणि ते डाग निघत नाहीत. उपाय साधा: कागद हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवायचा, प्रवासात एका वेळी दोनच कागद बाहेर काढायचे, आणि जून ते सप्टेंबर रंग घरी ठेवून पेन्सिलवर भागवायचं. वड्यांच्या रंगांवर बुरशी येते, म्हणून पेटी ओली मिटायची नाही.

दुपारसाठी वेगळा नियम झाला: बारा ते तीन रंग काढायचेच नाहीत. फेब्रुवारीत निपाणीजवळ तंबाखूच्या कामावर लेखिका अशी तीन दुपारी उभी राहिली. वहीत आले ते ठसका, डोळ्यांची आग, पदरानं नाक बांधून बोलणाऱ्या बायकांचे अर्धे ऐकू येणारे शब्द. यातलं एकही चित्रात आलं नसतं. कादंबरीचं तिसरं प्रकरण त्यातून पुन्हा लिहिलं गेलं आणि वीस पानांचं अकरा झालं.

दुसरी कृती: आईचं घर कागदावर

आधी लेखिकेनं फोनवर ध्वनिमुद्रण करून पाहिलं. आई ताठ बसली आणि सभेत बोलावं तसं बोलली. सगळे चांगले होते, देवाची कृपा होती. चाळीस मिनिटांतून एक ओळ कामाची निघाली नाही. फोन समोर ठेवून प्रश्न विचारला की म्हातारी माणसं साक्ष देतात, आठवत नाहीत. हे बहुतेक घरांत असंच होतं.

मे महिन्यात पाणी उतरतं तेव्हा तिकडे जायचं ठरलं. हिडकलच्या फुगवट्यात बुडणारं हुन्नूरचं विठ्ठल मंदिर उन्हाळ्यात उघडं पडतं, ते बघायला लोक जातात. तशाच जुन्या वस्त्यांची जोतीही दिसू लागतात. पहाटे साडेपाचला निघून, महामार्गानं हत्तरगीपर्यंत आणि तिथून आत, सातच्या सुमाराला तिघं पोचली. सोबत घडीची खुर्ची, मोठी छत्री, चटणी-भाकरी, आईच्या गोळ्या, चार लिटर पाणी, दोन ड्रॉइंग बोर्ड.

इथं एक चूक होता होता राहिली. आईला जोत्यापर्यंत चालवत न्यायचं लेखिकेच्या मनात होतं. उतरलेल्या पाण्याचा गाळ वरून भेगाळून वाळलेला दिसतो आणि खाली लोण्यासारखा मऊ असतो, पाय घोट्यापर्यंत जातो. पतीनं काठीनं चाचपून पाहिलं आणि बेत रद्द केला. आई वरच्या कडेला, टणक जमिनीवर बसली. जागा शंभरेक पावलं खाली राहिली. हे अंतर पडलं म्हणूनच पुढचं घडलं.

दिसत नव्हतं ते आईला दाखवायला लेखिकेनं कार्ट्रिज कागदावर फोर-बी पेन्सिलीनं घराचा अंदाजे आराखडा काढला. सोपा पुढे, माजघर, चूल उजवीकडे, न्हाणी मागे. आई थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "न्हाणी हितं न्हवती गे. हितं परडं." खोडून पुन्हा काढलं. "दार एवढं मोठं कुठलं? वाकून जायला लागायचं." दोन तासांत चौदा दुरुस्त्या झाल्या. प्रश्नाला जी आई उत्तर देत नव्हती, ती चुकलेल्या रेषेवर गप्प बसू शकली नाही.

अकरावी दुरुस्ती माजघरातल्या कोनाड्याची. लेखिकेनं तो देवाचा म्हणून काढला होता. आईनं सांगितलं, देव तिकडच्या भिंतीला. या कोनाड्यात पत्र्याच्या पेटीत कागद असायचे. "त्यातलाच एक मी सही करून दिला. दादा म्हणाला, घर उभं राहू दे मग तुझं बघतो." मग ती बराच वेळ बोलली. कचेरीच्या दारात सात वेळा अडकलेली कादंबरी त्या कोनाड्यातून आत गेली.

ही पद्धत पुढे घरीही पाच वेळा वापरली. त्यातून जे शिकायला मिळालं ते असं. एका बैठकीला चाळीस मिनिटं पुरे, त्यानंतर आई हो ला हो म्हणू लागते. पेन्सिलच वापरायची, रंग नाही. रंगवलेलं चित्र मोडायला माणूस संकोचतो. आईसमोर वाक्यं लिहायची नाहीत. दुरुस्तीच्या जागी फक्त आकडा टाकायचा आणि ती उठून गेल्यावर लगेच आकड्यानुसार नोंद करायची. रात्रीपर्यंत थांबलं की शब्द आपले होतात. आणि मुद्दाम चुकीचं काढायचं नाही. आपला अंदाज तसाही चुकतो. म्हाताऱ्या आईला जाळ्यात पकडल्यासारखं करणं हा विश्वासघात होईल, आणि तो एकदा कळला की पुढच्या बैठका संपल्या.

तिसरी कृती: आईला वाचून दाखवणं

लिहून झालेल्या भागांपैकी आईशी संबंधित सहा प्रकरणं सहा दुपारी मोठ्यानं वाचली. आधीच ठरवलं होतं: घडलेली गोष्ट काढ म्हणालीस तर काढीन, पात्राच्या मनातलं मात्र माझं. ही सीमारेषा आधी आखली नसती तर वाचन भांडणात संपलं असतं.

आईनं दोन गोष्टी अडवल्या. एक, कर्जाचा आकडा. तो बदलणं सोपं होतं. दुसरी जड होती. गाव हलवताना मामांची लहान मुलगी तापानं गेली होती. एकोणिसावं प्रकरण त्यावरच उभं होतं आणि हस्तलिखितातलं ते सर्वांत चांगलं होतं. आई म्हणाली, "वहिनी अजून हाय. तिनं हे वाचायचं?" लेखिकेनं प्रकरण काढलं. त्या जागी घरातली सून महिनाभर बोलत नाही एवढंच राहिलं, कारण न सांगता. संपादकांचा आक्षेप होता की वाचक इथं चाचपडतो. आक्षेप बरोबर आहे, त्या जागी पुस्तक कमकुवत झालं आहे. तरीही निर्णय योग्य होता, असं मला वाटतं. ते दुःख लेखिकेचंही नव्हतं आणि आईचंही नव्हतं, मग परवानगी देणार कोण?

मामांच्या पात्राबाबत नाव बदलण्यावर थांबली नाही, घटनांची साखळी बदलली. सही कुणी मागितली, कधी मागितली आणि कशासाठी, या तिन्ही गोष्टी कादंबरीत वेगळ्या आहेत.

बोली आणि प्रूफं

या भागात बायका "मी येतो", "मी जातो" म्हणतात. पहिल्या प्रूफात ते सगळीकडे "मी येते", "मी जाते" होऊन आलं. मुद्रितशोधकानं प्रामाणिकपणे काम केलं होतं, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. "करायलास", "हितं", "न्हवं" हेही निम्म्या ठिकाणी प्रमाण झालं. परत बसवायला तीन आठवडे गेले. दोन पानांचं बोलीपत्रक आधी पाठवलं असतं तर हे टळलं असतं. पत्रकात चार रकाने असतात: प्रमाण रूप, राखायचं रूप, कुणाच्या तोंडी, आणि कुठे अपवाद. निवेदनात "येते", संवादात "येतो", शाळा शिकलेली नात दोन्ही बोलते, असं स्पष्ट लिहायचं. युनिकोडमधली फाइल छपाईच्या जुन्या फाँटमध्ये नेली की "दऱ्या", "वाऱ्यावर" यांतला ऱ्य मोडतो, म्हणून असे शब्द शोधून वेगळे तपासावे लागतात.

कानडी संवादांना तळटीप द्यायची का यावर बराच खल झाला. शेवटी तळटीप नाही, कंसही नाही. शेजारीण उठताना "होगी बर्तीनी" म्हणते आणि दारातली आजी लगेच स्वतःच्या पाहुण्याला "जाऊन येतो म्हण, जातो म्हणू नको" सांगते. दोन्ही भाषांत निरोपाची रीत एकच असल्यानं अर्थ आपोआप पोचतो. जिथं असा जोड सापडला नाही, ती कानडी वाक्यं काढून टाकली.

घर

आंबोलीच्या बारा दिवसांपेक्षा घरातल्या दोन तासांनी काम केलं. पहाटे पावणेपाच ते पावणेसात, माग सुरू व्हायच्या आधी. यासाठी पतीनं पाणी भरणं, चहा आणि आईची सकाळची साखर तपासणं स्वतःकडे घेतलं. लग्नसराई आणि दहावीच्या परीक्षांचे मिळून अडीच महिने लेखनाला सुट्टी, हे कॅलेंडरवर आधीच लाल केलं, म्हणजे न लिहिल्याची टोचणी राहिली नाही. रोजचं माप शब्दांचं ठेवलं नाही. एक प्रसंग पुरा, मग तो दीडशे शब्दांचा का असेना.

निष्पत्ती

चौदा महिन्यांनी अठ्ठावन्न हजार शब्दांवर कादंबरी संपली आणि पाचशे प्रतींची आवृत्ती निघाली. नऊ वह्यांतलं एकही चित्र आत छापलं नाही. मुखपृष्ठासाठी मागणी होती. लेखिकेनं नकार दिला, कारण घर एकदा दाखवलं की वाचक स्वतःचं उभं करत नाही. मला हा निर्णय पटतो.

बिघडलं ते वेगळ्याच जागी. बेळगावच्या आसपास कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत हिवाळ्यात मराठी साहित्य संमेलनं भरतात आणि गावकरी मांडवात बसून मन लावून ऐकतात. पुस्तक छपाईत असताना अशाच एका मांडवात लेखिकेनं सहीचं प्रकरण वाचलं. ऐकणाऱ्यांत नात्यातलं कुणी होतं. दुसऱ्या दिवशी मामेभावाला फोन गेला. साखळी बदलली होती, पण त्याला ती दुसऱ्याच्या तोंडून आणि अर्धी कळली. वर्षभर दोन्ही घरांत हळदीकुंकवापुरतंच येणं-जाणं राहिलं.

वेगळं काय करता आलं असतं

आईला सहा दुपारी दिल्या, मामांना एकही नाही. त्यांनी हरकत घेतली तर काय, या भीतीनं ती भेट टळत गेली. हस्तलिखित प्रकाशकाकडे जाण्याआधी एक दुपार त्यांच्याकडे जाऊन "असं लिहिलं आहे" एवढं सांगायला हवं होतं. परवानगी मागण्यासाठी नव्हे. ते ८६ वर्षांचे आहेत आणि त्यांच्या घराची गोष्ट त्यांनी मांडवातल्या माणसाकडून ऐकू नये, एवढ्याचसाठी. अप्रकाशित भाग जवळच्या गावात वाचू नये, हेही त्यातच आलं. वाचायचंच तर घराशी संबंध नसलेलं प्रकरण निवडावं.

रंगीत पेन्सिलींची तपासणी तीन वर्षांनी न करता पहिल्या वीस हजार शब्दांवर करायला हवी होती. तिला दोन रविवार लागतात.

पुस्तक आल्यावर साताठ महिन्यांनी लेखिका आराखड्याच्या झेरॉक्स घेऊन मामांकडे गेली. पुस्तकाबद्दल ते काही बोलले नाहीत. कागद उन्हाकडे धरून बघितला आणि म्हणाले, आड या बाजूला नव्हता, परड्याच्या पलीकडे होता, आणि कोनाडा एक नव्हे, दोन होते. घरी आईनं ते साफ नाकारलं. लेखिकेनं मूळ कागदावर आईच्या खुणा काळ्या आणि मामांच्या निळ्या पेन्सिलीनं ठेवल्या आहेत, दोन्ही तारखेसह.